सूर्याला हात आखडता घेता येतो: ड जीवनसत्त्वाच्या मात्रेची शंभर वर्षे

१/ भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मँगनीजच्या दोन खाणी आहेत. चिखल्याची खाण प्रामुख्याने भूमिगत आहे, तर डोंगरी बुजुर्गची उघडी. खनिज एकच, कंपनी एकच, विदर्भाचे ऊनही एकच. तरीही एका खाणीतील कामगाराची पाळी आभाळाखाली सरते आणि दुसऱ्याची जमिनीच्या पोटात, दिव्याच्या उजेडात. अंगावर पडणाऱ्या उन्हाच्या या फरकातूनच वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाच्या आरंभी एका नव्या जीवनसत्त्वाचा सुगावा लागला. त्या जीवनसत्त्वाच्या मात्रेचा, आणि ती मात्रा वारंवार चुकल्याचा, हा इतिहास.

२/ चिखल्याच्या खनिजापासूनच आरंभ करणे सोयीचे. मध्य प्रांतातील मँगनीजचा शोध घेणारी ब्रिटिश कंपनी १८९६ मध्ये स्थापन झाली. १९६२ साली तिच्या जागी आजची ‘मॉइल’ आली. मँगनीज हे पोलादाचे बळ, आणि मानवी शरीराचीही गरज; मात्र ही गरज दिवसाला काही मिलिग्रॅमची. त्याच मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेली की चाल बिघडते, चेहरा निर्विकार होतो. ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच, काळ्या मँगनीजची भुकटी दळणाऱ्या कामगारांमध्ये हा विकार नोंदवला होता. थोडे हवे असते आणि फार झाले की घात करते, अशा पदार्थांच्या यादीत सूर्यप्रकाशाचे जीवनसत्त्वही येते. ते यादीत येण्यासाठी मात्र बरीच वर्षे जावी लागली.

३/ एकोणिसाव्या शतकात युरोपच्या धुरकट औद्योगिक शहरांत मुडदुसाने थैमान घातले होते. मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकत, छातीचा पिंजरा पुढे येई, मनगटे सुजत. वाढत्या वयाच्या मुलींची कंबरेची हाडे बेढब होत आणि पुढे बाळंतपणात जिवावर बेते. १८९० साली थिओबाल्ड पाम या इंग्रज डॉक्टरांनी जगभरच्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती मागवली. त्यांना दिसले ते विलक्षण होते: ज्या देशांत गरिबी आणि अस्वच्छता अधिक, पण ऊन मुबलक, तेथे मुडदूस क्वचितच आढळतो. उन्हाचा उपाय करून पाहावा, असे त्यांनी सुचवले. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

४/ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्ये या विषयावर दोन तट पडले. ग्लासगोचे संशोधक म्हणत की रोगाचे मूळ कोंडलेल्या घरांत, मोकळ्या हवेच्या आणि हालचालीच्या अभावात आहे. लंडनचे एडवर्ड मेलनबी म्हणत की मूळ आहारात आहे. मेलनबींनी कुत्र्याच्या पिल्लांना ठरावीक आहार देऊन मुडदूस उत्पन्न केला आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन तो बरा केला. दोन्ही तटांजवळ पुरावा होता. या वादाचा एक महत्त्वाचा दाखला थेट महाराष्ट्रातून, गोदाकाठच्या नाशिकमधून आला.

५/ १९२१ साली ग्लासगोच्या वैद्यकीय नियतकालिकात नाशिक शहरातील मुडदुसावर एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते एच. एस. हचिसन आणि जी. जे. पटेल. पुढच्याच वर्षी हचिसन यांनी एस. जे. शाह यांच्यासह बालवयातील आणि किशोरवयातील मुडदुसाच्या कारणांवर अधिक विस्तृत निबंध लिहिला. नाशिकला ऊन भरपूर. तेव्हा तेथे मुडदूस असूच नये, असे कोणालाही वाटेल. या डॉक्टरांना तो आढळला, आणि जेथे अपेक्षा सर्वांत कमी, त्या घरांत आढळला.

६/ रोगी मुले होती ती सुखवस्तू मुस्लिम आणि उच्चवर्णीय हिंदू घरांतील, जेथे गोषा पाळला जाई. आई घराच्या आतल्या भागात, तान्हे मूलही तिच्याजवळच. मुलगी वयात येऊ लागली की तिचेही बाहेर पडणे थांबे, आणि नेमका त्या वयातच मुडदूस पुन्हा डोके वर काढी. याउलट शेतात आणि रस्त्यावर राबणाऱ्या गरीब बायकांची मुले निकृष्ट अन्नावर वाढूनही या रोगापासून मुक्त होती. दूध-तूप असलेल्या घरात हाडे वाकत होती आणि भाकरीच्या कोरड्या तुकड्यावर वाढलेली मुले सरळ चालत होती. आहाराने हे कोडे सुटत नव्हते. मोकळ्या हवेने आणि उन्हाने सुटत होते.

७/ त्याच सुमारास इतर शहरांतूनही दुवे मिळत गेले. बर्लिनमध्ये १९१९ साली कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पारद-बाष्पाच्या दिव्याचा अतिनील प्रकाश सोडला. प्रकाश एकाच हातावर सोडला तरी दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले. याचा अर्थ त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तावाटे सर्वत्र पोहोचत होते. अमेरिकेत एल्मर मॅककॉलम यांनी माशाच्या तेलातील अ जीवनसत्त्व नष्ट करून पाहिले. तेलाचा मुडदुसावरचा गुण कायम राहिला. म्हणजे हा घटक वेगळाच. अ, ब, क यांच्यानंतर आलेल्या या घटकाला १९२२ मध्ये त्यांनी ‘ड’ हे अक्षर दिले. लंडन आणि ग्लासगो दोघेही अर्धे-अर्धे बरोबर ठरले: तेच द्रव्य उन्हातूनही मिळत होते आणि तेलातूनही.

८/ १९२४ साली विस्कॉन्सिनचे हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवले की अन्नावरच अतिनील किरण सोडले तर त्यात हा गुण उतरतो. न्यूयॉर्कचे आल्फ्रेड हेस स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले. आता सूर्य बाटलीत भरता येणार होता. १९२७ मध्ये जर्मनीत ‘विगांटोल’ हे औषध बाजारात आले. किरणोपचारित एर्गोस्टेरॉलचे ते द्रावण होते. १९२८ साली आडोल्फ विंडाउस यांना या द्रव्यांच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. शतकानुशतकांच्या रोगावर काही थेंबांचा इलाज सापडला होता. तो आनंद खराच होता. युरोप-अमेरिकेतून मुडदूस पुढील दोन दशकांत जवळजवळ हद्दपार झाला.

९/ पण ज्या वर्षी नोबेल जाहीर झाले, त्याच १९२८ मध्ये क्राइटमायर आणि मोल या जर्मन संशोधकांनी नव्या औषधाच्या प्रचंड मात्रा प्राण्यांना देऊन पाहिल्या. प्राणी खंगले आणि मेले. त्यांच्या रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत चुन्याचे थर साचलेले आढळले. हाडांत कॅल्शियम नेणारे द्रव्यच अतिरेक झाल्यावर कॅल्शियमला भलत्या ठिकाणी नेऊन बसवत होते. थोडक्यात, ड जीवनसत्त्वाच्या विषबाधेचे ज्ञान त्या औषधाइतकेच जुने आहे. पुढे जे घडले ते अज्ञानापोटी घडले असे म्हणता येत नाही.

१०/ पुढील आकडे समजण्यासाठी एक माप ध्यानात ठेवावे लागेल. हे जीवनसत्त्व ‘आंतरराष्ट्रीय एकक’ या मापात मोजले जाते. ४० एकके म्हणजे एक मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची दैनंदिन गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६०० एकके, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. दीर्घकाळ रोज घेण्याची वरची सुरक्षित मर्यादा ४,००० एकके. सहा लाख एकके ऐकायला डोंगराएवढी वाटतात. वजनात ती अवघे १५ मिलिग्रॅम भरतात, मिठाच्या बारीकशा चिमटीपेक्षाही कमी. डोळ्यांना न दिसणाऱ्या या फरकानेच पुढे अनेकांना फसवले.

११/ १९३० च्या दशकात काही डॉक्टरांना वाटले की थोड्याने मुडदूस जातो, तर पुष्कळाने सांधेदुखी का जाऊ नये? १९३५ पासून अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णांना रोज दोन लाख ते सहा लाख एकके देण्याचे प्रयोग झाले. उपचार महिनोन्‌महिने चालत. काहींना बरे वाटले, असे प्रारंभीचे अहवाल सांगतात. मागून मळमळ, अतोनात तहान, वारंवार लघवी आणि निकामी होऊ लागलेली मूत्रपिंडे आली. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत नियमित दिसू लागली. संधिवात मात्र जिथल्या तिथे होता.

१२/ त्वचेच्या क्षयाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. चेहरा विद्रूप करणाऱ्या या आजारावर फ्रान्समध्ये शार्पी यांनी आणि लंडनमध्ये डाउलिंग व प्रॉसर थॉमस यांनी १९४० च्या दशकात ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा वापरल्या; रोज एक ते दीड लाख एकके. येथे गुण खरोखर आला, अनेक चेहरे सावरले. किंमतही मोजावी लागली: रुग्णांच्या रक्तातील कॅल्शियमवर सतत नजर ठेवणे भाग होते. तरीही तो सौदा त्या काळी अविचाराचा नव्हता, कारण दुसरा परिणामकारक उपाय हाती नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ नंतर आयसोनियाझिड आल्यावर या उपचाराची गरज उरली नाही.

१३/ जर्मनीत एक वेगळी पद्धत रुजली: रोज थेंब देण्याऐवजी एकदाच भलामोठा ‘धक्का’. रोजचे थेंब देणे आई-वडील विसरतात, दवाखान्यातील एक मात्रा चुकत नाही, हा त्यामागील व्यवहार. पूर्व जर्मनीत तान्ह्या बाळांना दर काही महिन्यांनी सहा लाख एकके देण्याचा सरकारी कार्यक्रम दीर्घकाळ चालला. मुडदूस आटोक्यात आला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मात्र अशा काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेले आढळले. बाळे वरवर निरोगी दिसत होती. लक्षण दिसत नाही म्हणजे इजा नाही, हा समज त्या तपासणीने डळमळीत केला.

१४/ सर्वांत बोलका धडा ब्रिटनचा. दुसऱ्या महायुद्धात मुलांचे पोषण टिकावे म्हणून सरकारने दुधाच्या भुकटीत ड जीवनसत्त्व मिसळले, माशाचे तेल वाटले; बाळांच्या खाद्यातही ते मिसळले जात होते. प्रत्येक वस्तूतील मात्रा वेगवेगळी पाहिली तर योग्य होती. एकाच बाळाच्या पोटात हे सारे गेल्यावर मात्र बेरीज दिवसाला चार हजार एककांपर्यंत जाऊ शकत होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी डॉक्टरांकडे अशी बाळे येऊ लागली, जी खात नव्हती, उलट्या करत होती, वाढत नव्हती. रक्तात कॅल्शियम चढलेले. १९५७ मध्ये सरकारने मात्रा घटवल्या आणि अशा रुग्णांची संख्या उतरली.

१५/ एक प्रश्न मात्र उरला. लाखो बाळांनी तेच दूध प्यायले, तेच तेल घेतले; आजारी थोडीच का पडली? उत्तर मिळायला २०११ साल उजाडावे लागले. ड जीवनसत्त्वाचा जादा साठा मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. काही बाळांत त्याच्या जनुकातच दोष असतो, हे त्या वर्षी जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने सिद्ध झाले. अशा बाळाला इतरांना मानवणारी मात्राही बाधते. म्हणजे ‘अमक्याने इतके घेतले, त्याला काही झाले नाही’ हा युक्तिवाद मुळातच लंगडा आहे. त्या अमक्याचे विकर आणि आपले विकर सारखे असेलच असे नाही.

१६/ मग दिवसभर उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याला ही बाधा का होत नाही? याचे उत्तर १९८१ साली मायकेल हॉलिक आणि सहकाऱ्यांनी दिले. त्वचेत ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप ठरावीक पातळीपर्यंतच साचते. ऊन लागतच राहिले तर तेच ऊन त्या पूर्वरूपाचे निरुपयोगी द्रव्यांत रूपांतर करते. सूर्याला हात आखडता घेता येतो. म्हणूनच उन्हाने त्वचा भाजते, इतर अपायही होतात, पण ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. गोळीच्या वाटेवर असा द्वारपाल नाही. पोटात गेलेल्यापैकी बहुतांश शरीरात शिरते आणि यकृत त्याचे साठवणीच्या रूपात सहज रूपांतर करत राहते.

१७/ हे रूप रक्तातून निम्मे होण्यासच दोन ते तीन आठवडे लागतात, आणि मूळ द्रव्य चरबीत मुरून राहते. म्हणून विषबाधा झाल्यावर औषध थांबवले तरी रक्तातील कॅल्शियम कित्येक आठवडे, कधी महिने चढलेले राहू शकते. तहान, बद्धकोष्ठता, उलट्या, थकवा, गोंधळलेले मन, मूतखडे आणि शेवटी मूत्रपिंडांची हानी, असा हा क्रम. ही लक्षणे इतकी सामान्य आहेत की वृद्ध माणसात ती वयाच्या खात्यावर सहज जमा होतात. एरवी धोका सहसा रक्तातील पातळी १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या पुढे गेल्यावर दिसतो. नेहमीच्या आहाराने किंवा उन्हाने तेथवर कोणी पोहोचत नाही.

१८/ माणसाची चूक मात्र तेथवर सहज पोहोचवते. १९९२ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी बोस्टन परिसरातील आठ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. घरपोच मिळणाऱ्या दुधात जीवनसत्त्व मिसळताना मात्रा चुकली होती. एका नमुन्यात तर ते ठरलेल्या प्रमाणाच्या पाचशे पटींहून अधिक निघाले. रुग्णांनी कोणतेही औषध घेतले नव्हते, फक्त दूध प्यायले होते. आणखी एक गोष्ट लक्षणीय: हेच द्रव्य अधिक तीव्र करून उंदीर मारण्याच्या औषधातही वापरले जाते. गोळी आणि उंदरांचे विष यांत रेणूचा भेद नाही, मात्रेचा आहे.

१९/ हे झाले टोकाचे प्रसंग. मधल्या मात्रांचे काय? ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख एकके देण्यात आली. हाडे बळकट व्हावीत हा हेतू. २०१० मध्ये निष्कर्ष आले ते उलटे: औषध घेतलेल्या गटात पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण अधिक होते. २०१९ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे ३११ प्रौढांना तीन वर्षे रोज ४००, ४,००० किंवा १०,००० एकके देऊन तुलना झाली. मोठ्या मात्रेने हाडांची घनता वाढली नाही. ती किंचित कमीच भरली. अधिक म्हणजे अधिक चांगले, या समजुतीला दोन्ही अभ्यासांनी छेद दिला.

२०/ दुसरी बाजूही पाहणे न्याय्य ठरेल. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या एका मनोरुग्णालयात सात वर्षांच्या काळात ४,७०० हून अधिक रुग्णांनी रोज ५,००० किंवा त्याहून अधिक एकके घेतली. थोड्या रुग्णांनी ५०,००० पर्यंतही. जीवनसत्त्वामुळे कॅल्शियम चढल्याचे आढळले नाही, असा २०१९ चा अहवाल सांगतो. हा पुरावा दुर्लक्षण्याजोगा नाही. ते रुग्ण मात्र रुग्णालयात होते. मात्रा परिचारिका देत होत्या आणि तपासण्या होत होत्या. तेथे तुलनेसाठी गोळी न घेणारा, चिठ्ठ्या टाकून निवडलेला गटही नव्हता. देखरेखीखालील सुरक्षितता घराच्या कपाटातील डबीला आपोआप लागू होत नाही.

२१/ आणि लाभ? अमेरिकेतील ‘व्हायटल’ या अभ्यासात २५,८७१ प्रौढांपैकी निम्म्यांना रोज २,००० एकके दिली गेली. पाचेक वर्षांच्या पाहणीत मोठा अपाय दिसला नाही. हाडे मोडण्याचे प्रमाणही घटले नाही, हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. हे लोक कमतरता पाहून निवडलेले नव्हते, ही बाब महत्त्वाची. ज्याची विहीर भरलेली आहे तिच्यात आणखी पाणी ओतून पीक वाढत नाही. ज्याची कोरडी आहे त्याचा प्रश्न निराळा, आणि भारतात अशा विहिरी थोड्या नाहीत.

२२/ मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी २०११ मध्ये १,१३७ निरोगी तरुण-तरुणींचे रक्त तपासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७० टक्क्यांची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली होती. नाशिकच्या गोषाची जागा आता कार्यालयाच्या भिंतींनी आणि काचबंद वाहनांनी घेतली आहे. सावळ्या त्वचेला तितकेच जीवनसत्त्व बनवायला ऊनही अधिक वेळ लागते. तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची मराठी घरांची रीत प्रेमळ आहे, पण ड जीवनसत्त्व घडवणारे किरण अगदी सकाळी फारच थोडे असतात. सावली अंगाहून आखूड असते तेव्हा ते भरपूर मिळतात. कमतरता खरी आहे, आणि ती भरून काढणे हा योग्यच उपचार आहे.

२३/ त्या उपचारासाठी भारतात ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल घरोघरी पोहोचली. सहा लाखांचे इंजेक्शनही दीर्घकाळ वापरात आहे. पुडी सहसा आठवड्याला एक, अशी सुमारे आठ आठवडे आणि नंतर महिन्याला एक. आठवड्याच्या हिशेबाने ती दिवसाला साडेआठ हजार एककांच्या आसपास भरते. ठरावीक काळासाठी आणि कमतरता असलेल्यासाठी हे चालते. ‘आठवड्याला’ हा शब्द निसटला आणि तीच पुडी रोज घेतली, तर ती दीर्घकालीन मर्यादेच्या १५ पट होते. भारतीय डॉक्टरांनी नोंदवलेल्या विषबाधेच्या प्रकरणांत हीच कथा पुनःपुन्हा येते: रोजची पुडी, किंवा एकामागून एक टोचलेली इंजेक्शने, आणि कोणीही न केलेली बेरीज.

२४/ बेरीज चुकण्याचा मार्ग ब्रिटनने १९५० च्या दशकात दाखवला होताच. आज एका डॉक्टरची पुडी, दुसऱ्याची कॅल्शियमची गोळी, जीवनसत्त्व मिसळलेले दूध आणि बहुजीवनसत्त्वाची कॅप्सूल एकाच माणसाच्या पोटात जमतात. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, क्षय किंवा सार्कॉइडोसिसच्या रुग्णांना धोका अधिक, कारण क्षय आणि सार्कॉइडोसिसमध्ये शरीर स्वतःच या द्रव्याचे सक्रिय रूप वाजवीपेक्षा जास्त बनवू शकते. यासाठी डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर सोडण्याचे कारण नाही. किती एकके, किती दिवसांनी, कधी थांबायचे, ही तीन उत्तरे चिठ्ठीवर लिहिलेली हवीत आणि उपचार लांबला तर रक्तातील कॅल्शियमची तपासणी हवी.

२५/ चिखल्याच्या कामगाराची पाळी संपते, तो जमिनीवर येतो आणि दिवसाची पाळी असेल तर ऊन त्याच्या अंगावर पडते. त्या उन्हातून त्याची त्वचा हवे तेवढे घेईल आणि उरलेले स्वतःच मोडून टाकील; लक्षावधी वर्षांत घडलेला हा हिशेब आहे. मागे खाणीत राहिलेल्या मँगनीजची धूळ मात्र अशी आपोआप थांबत नाही. ती अडवायला खाणीत ओले छिद्रण आणि खेळती हवा लागते, मोजमाप लागते. औषधाची पुडी या दोहोंपैकी धुळीच्या बाजूला बसते. नाशिकच्या बंद खोल्यांतील मुलांपासून आजच्या साप्ताहिक पुडीपर्यंतच्या शंभर वर्षांत द्रव्य बदलले नाही. सूर्याने सांभाळलेले मोजमाप माणसाच्या हाती आले, आणि ते सांभाळण्याची जबाबदारीही त्याच हाती आली.